आकड्याला भितोस म्हणून कारखान्याला भिऊ नको, खातं बघून निवड

प्रश्न थोडक्यात असा होता. कागल तालुक्यातला २२ वर्षांचा पोरगा, बारावी कॉमर्स, एका दुकानात ८ महिने बिलं आणि स्टॉक लिहायचं काम केलं आणि सोडून दिलं. आकड्यांचा रकाना बघितला की डोकं बधिर होतं म्हणतोय. हाताची कामं मात्र आवडतात, घरची मोटर स्वतः उघडतो, सायकली दुरुस्त करतो. कोल्हापुरात कारखान्यात नाहीतर कारागिरीत असं कुठलं काम आहे जिथं आकडेमोड नाही, एवढंच त्याला विचारायचंय.

भावा, मी ३१ वर्षं पॅटर्न मेकर आहे, म्हणजे फाउंड्रीला, धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याला, लागणारे लाकडी नमुने करणारा सुतार. दहावीला गणितात दोनदा आपटलोय. त्यामुळं मी पुस्तकातलं सांगणार नाही, जे बघितलंय तेवढंच सांगतो आणि जरा लांबण लागेल ते गोड मानून घे.

पहिली गोष्ट, एकही आकडा नाही असं काम मला आजपर्यंत भेटलेलं नाही. पायताण शिवणाऱ्याला नंबर लागतो, मूर्ती करणाऱ्याला उंची लागते आणि पगाराच्या दिवशी तर सगळ्यांनाच आकडा बघायला लागतो. पण आकड्याशी उभं भांडण असलेली पुष्कळ माणसं उद्यमनगरात आणि शिरोलीत, आपल्या कारखान्यांच्या भागात, एक नंबर कारागीर झालेली मी बघितलीत. म्हणून आधी हे बघ की तुला नक्की काय नको. हिशोब करायला नको, म्हणजे टक्का, भागाकार वगैरे? की माप वाचायला नको, व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं अवजार, हातात आला की घाम फुटतो असं? की दिवसभर आकडे लिहीत बसायला नको? ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत पण बाहेरून सारखीच दिसतात आणि लोक तिन्हीला एकच नाव देतात, गणित कच्चं आहे. तू दुकानात जे केलंस ते तिसरं. तुझं दुखणं लिहिण्याचं असावं असा माझा अंदाज, कारण मोटर उघडून बेअरिंग बदलतोस म्हणतोस, मग त्याचा नंबर ६२०२ की ६२०३ हे बघूनच आणलं असशील की. तिथं डोकं बधिर झालं नाही कारण तो आकडा एका वस्तूला चिकटलेला होता, हातात धरता येत होता.

माझ्याच कामातलं सांगतो म्हणजे कळेल. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं, साधारण १ टक्का. अॅल्युमिनियम १.३ च्या आसपास, स्टील २ च्या आसपास. म्हणजे ग्राहकाला जेवढं कास्टिंग, म्हणजे ओतून काढलेला भाग, पाहिजे त्याच्यापेक्षा लाकडी पॅटर्न तेवढ्या हिशोबानं मोठा करायला लागतो. आता प्रत्येक मापाला टक्का काढून मिळवत बसलो असतो तर मी दुसऱ्याच दिवशी पळालो असतो. पण आमच्याकडं एक पट्टी असते, कॉन्ट्रॅक्शन स्केल. तिच्यावर जिथं १०० लिहिलंय तिथं खरं अंतर १०१ असतं. ड्रॉइंगवर ३४० लिहिलंय तर त्या पट्टीवरचं ३४० घ्यायचं, खूण करायची, कापायचं. टक्का बिक्का काही नाही, कोणीतरी डोकेबाज माणसानं तो हिशोब एकदाच करून पट्टीत गोठवून ठेवलाय. मला ही पट्टी पहिल्यांदा मेस्त्रींनी दाखवली तेव्हा खरं सांगतो, मला वाटलं आपली सुटका झाली.

सुटका झाली पण एकदा नडलीच. कामाला लागून दोन-अडीच वर्षं झाली असतील, एका मशीनच्या बेडचा पॅटर्न होता, मी घाईत बिडाच्या पट्टीऐवजी साधी स्टीलची पट्टी उचलली. दोन बॉसमधलं, म्हणजे कास्टिंगवरच्या दोन गोल उंचवट्यांमधलं, अंतर ६०० पाहिजे होतं, कास्टिंगवर आलं ५९४. पॅटर्न बघून कोणालाच कळलं नाही कारण साध्या पट्टीनं मोजलं तर ते बरोब्बर ६०० भरत होतं! अकरा कास्टिंग ओतून झाल्यावर मशीन शॉपमधून बोलावणं आलं. मालक काही बोलला नाही, अकराच्या अकरा कास्टिंग भंगारात टाकायला मलाच लावली. त्या दिवसापासून बिडाच्या पट्टीला एका टोकाला लाल रंग लावून ठेवलाय आणि आजही उचलली की आधी टोक बघतो. सांगायचं काय, तिथं मला गणितानं मारलं नाही, बेसावधपणानं मारलं, आणि त्यावरचा उपाय पण गणित नव्हता, रंगाचा ठिपका होता.

तर तुला आकडा नसलेलं काम शोधायचं नाहीये, आकडा आधीच गोठवून ठेवलेला आहे असं काम शोधायचंय. साच्यात, गेजमध्ये, टेम्पलेटमध्ये, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या कारागिराच्या बोटात.

गेज म्हणजे काय तेही सांगतो कारण बरीच पोरं इन्स्पेक्शन म्हटलं की घाबरतात. प्लग गेजला दोन टोकं असतात, एक गो आणि एक नो-गो. गो टोक भोकात गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. गो गेलं, नो-गो अडकलं, माल पास. संपलं. त्या गेजच्या मागं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब असतो पण तो तुला माहीत नसला तरी चालतं. अशा खात्यात आकड्याला घाबरणारी बायामाणसं शांतपणे काम करतात आणि हाताला सवय झाली की त्यांच्या हातनं चुकीचा माल सुटत नाही. पण त्याच इन्स्पेक्शनमध्ये वरच्या जागेवर गेलास की रिपोर्ट आला, दर पाच नगाला माप घ्यायचं आणि फॉर्ममध्ये भरायचं, तिथं तू परत दुकानात बसल्यासारखा होशील. म्हणून नोकरी घेताना फक्त खात्याचं नाव विचारू नको, दिवसात कागद किती भरायला लागतो ते विचार.

सीएनसीबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनबद्दल, बोलायलाच पाहिजे कारण गावाकडं सगळे सांगतात की सीएनसीला लाग, मशीनच सगळं करतंय, तुला काय फक्त बटण दाबायचं. तसं नसतंय. लोडिंग-अनलोडिंगपुरतं बटण आहे, पण त्यावर तू वर्षानुवर्षं राहणार का? पुढं टूल झिजलं की ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायचा आकडा, मशीनला द्यायला लागतो, व्यास जास्त येतोय की कमी, त्यावर प्लस द्यायचं की मायनस हे ठरवायला लागतं, दशांश चिन्ह एक घर सरकलं तर टूल सरळ जॉबमध्ये घुसतं आणि स्पिंडलचं काम निघतं. माझ्या शेजारच्या शॉपमध्ये एका चांगल्या पोरानं मायनस ०.०५ च्या जागी मायनस ०.५ मारलं होतं. पोरगं हुशार होतं, हात चांगला होता, पण आकड्यावरनं नजर घसरायची. तो आता वेल्डिंग करतो आणि मस्त चाललंय त्याचं.

वेल्डिंग तुझ्यासारख्याला खरंच बघण्यासारखं आहे. आकडे आहेत, नाही असं नाही, रॉड अडीचचा की सव्वातीनचा, त्याला अँपिअर किती. पण सव्वातीनच्या रॉडला शंभराच्या आसपासनं सुरू करायचं आणि मग कान लावायचा. बरोबर करंटला भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो, करंट कमी असला की रॉड चिकटतो, जास्त असला की फटफट उडतं आणि पातळ पत्र्याला भोक पडतं. दोन महिन्यांत हे कानाला कळायला लागतं, मग मशीनच्या डायलवरचा आकडा तू बघतपण नाहीस. काटकोनाला गुण्या आहे. मोठी फ्रेम काटकोनात आहे का बघायचं तर दोन कर्ण सारखे पाहिजेत, त्यालाही टेप लागत नाही, एक बारीक पट्टी कर्णावर धरायची, खूण करायची, दुसऱ्या कर्णावर तीच खूण बसली तर फ्रेम बरोबर. ऊसाच्या ट्रॉल्या करणाऱ्या कित्येक मिस्त्रींना मी असंच करताना बघितलंय. आयटीआयला वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे. तिथं वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय असतो त्याला दचकू नको, क्षेत्रफळ, वजन, टक्का एवढ्यातच ते फिरतं आणि पास होण्यापुरतं घोकलं तरी निघतं.

फाउंड्रीबद्दल जरा जास्त सांगतो कारण ते माझं घर आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि तुमच्या कागलकडची पंचतारांकित एमआयडीसी, तिन्हीकडं फाउंड्र्या आहेत. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार असल्या हातानं शिकलेल्या माणसांनी इथला यंत्रांचा धंदा उभा केला, तेव्हा कॉलेज बघून कोणी कामाला घेत नव्हतं. जुना मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, वाळू कशी तपासायचा माहीत आहे का? मूठभर घ्यायची, आवळायची, मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला तर कड धारदार राहिली पाहिजे, भुगा होता कामा नये. हाताला ओल लागली तर पाणी जास्त. आता सँड लॅबमध्ये यंत्र सांगतं की ओल तीन-साडेतीन टक्के आहे, पण लॅबचा पोरगा रिपोर्ट घेऊन येईपर्यंत म्हाताऱ्यानं मुठीत घेऊन सांगितलेलं असायचं की आज बेंटोनाइट, म्हणजे वाळू धरून ठेवणारी माती, कमी पडलंय.

मोल्डिंग, कोअर (कास्टिंगमधली पोकळी सोडणारा वाळूचा ठोकळा) बसवणं, कोअरला पेंट मारणं, मोल्ड बंद करणं, या कामात आकडा फार थोडा आहे आणि नजर फार लागते. कोअर तिरका बसला, कोपऱ्यात वाळूचा कण राहिला, वायू बाहेर जायचा व्हेंट बुजला, एवढ्यावर सगळं कास्टिंग जातं. ज्याला बारीक बघायची सवय आहे त्याला हे जमतं. फर्नेसवर मात्र विचार करून जा. तिथं चार्जचा हिशोब असतो, भंगार किती, पिग आयर्न किती, सिलिकॉन किती, तो सुपरवायझर करतो आणि तू फक्त ओतणारा असलास तरी १४०० अंशाच्या आसपासचं पाणी तुझ्या पुढ्यात असतंय. आम्ही वितळलेल्या बिडाला पाणीच म्हणतो. लॅडल, म्हणजे ओतायचं भांडं, ओला राहिला आणि त्यात गरम धातू पडला तर स्फोट होतो, हे कुठल्या आकड्यापेक्षा जास्त लक्षात ठेव. आणि फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगला चिकटलेले जादा धातूचे रायझर तोडून ग्राइंडर मारायच्या कामाला, केवळ तिथं आकडे नाहीत म्हणून जाऊ नको. आकडे नाहीत हे खरं, पण वाळूची धूळ फुप्फुसात जाते, सिलिकोसिस होतो तो बरा होत नाही, आणि ग्राइंडरच्या थरथरीनं पंधरा वर्षांनी बोटं बधिर होतात. चांगल्या फाउंड्रीत धूळ ओढायची यंत्रणा आणि चांगला मास्क असतो, तो नसला तर पगार कितीही सांगू दे, परत ये. माझ्या बरोबरीची तीन माणसं आज धापा टाकत जिना चढतात.

माझ्या स्वतःच्या कामाचं, पॅटर्न मेकिंगचं काय? खोटं कशाला बोलू, आता बरेच पॅटर्न कॉम्प्युटरवर डिझाइन होऊन सीएनसी राउटरवर निघतात. लाकडातनं सगळं हातानं काढणारे आम्ही थोडे राहिलो. पण फिनिशिंग, कोपऱ्यात फिलेट भरणं, पॅटर्न वाळूतनं सुटावा म्हणून टेपर नीट करणं, तुटलेला पॅटर्न दुरुस्त करणं हे अजून हाताचंच आहे आणि त्याला माणूस मिळत नाही. शिकायला वेळ लागतो, तीन वर्षं तरी. ड्रॉइंग वाचायला लागतं, पण ड्रॉइंग वाचणं म्हणजे चित्र डोळ्यापुढं फिरवून बघणं, गणिताच्या पेपरसारखं ते नसतं आणि गणितात नापास झालेली पोरं यात पुष्कळदा पहिली येतात.

आता कारागिरीकडं येतो. कोल्हापुरी चप्पल सगळ्यांना आठवते, २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीवाल्यांनी मिलानच्या शोमध्ये तसलंच पायताण दाखवलं आणि आपल्याकडं केवढा गोंधळ झाला, तेव्हा बऱ्याच शहरी माणसांना पहिल्यांदा कळलं की हे हातानं होतं. सुभाषनगरात माझ्या ओळखीची एक काकू आहेत, त्या चपलेच्या पट्ट्याच्या वेण्या घालतात. त्यांना फूटपट्टी वाचता येत नाही. येत नाही म्हणजे येतच नाही, मी विचारून बघितलंय. पण पुठ्ठ्याचे नमुने आहेत, प्रत्येक नंबराचा वेगळा, कडेला खाचा पाडलेल्या, सातला एवढ्या खाचा, आठला एवढ्या, त्यांचं बोट खाचेवरनं फिरलं की त्यांना कळतं. पट्ट्याची रुंदी बोटानं. चामड्याची जाडी अंगठा आणि तर्जनीत धरून. रापीनं कातडं एकसारखं तासणं, आरीनं भोक पाडून चामड्याच्या वादीनं शिवणं, हे सगळं हात आणि डोळ्याचं काम. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं कसं वागतं, पावसाळ्यात किती ताणायचं, हे कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नाही.

पण पैशाचं आधीच सांगतो. मजुरी जोडावर मिळते आणि शिवणाऱ्याला जे मिळतं ते आणि चप्पल लाईनला दुकानात जी किंमत असते ती, यात फार अंतर आहे. शिकून झाल्यावर स्वतः विकायला लागलास तरच त्यात दम आहे, आणि विकायला लागलास की हिशोब आला दारात. तेव्हा घरातलं कोणीतरी, बहीण, बायको, भाऊ, ज्याला आकड्याचं वावडं नाही ते बरोबर घ्यायला लागेल. काकूंचं सगळं त्यांची सून बघते.

हुपरीचं चांदीकाम आणि गुजरीतलं सोन्याचं काम याबद्दल लोकांचा गैरसमज उलटा आहे. वाटतं नाजूक कलाकुसर आहे, आकड्याचा काय संबंध. अरे तिथं तर मिलिग्रॅमवर सगळं चालतं. किती वजन दिलं, किती दागिना आला, घट किती धरायची, टंच म्हणजे शुद्धता किती. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी, हे मिश्रण मालक करतो, ते सोड. पण तुझ्या हातात आलेला माल आणि तुझ्या हातनं गेलेला माल याचं वजन तुझ्या चिठ्ठीवर पाहिजेच. जुळलं नाही तर संशय माणसावर येतो, आकड्यावर येत नाही. त्यामुळं हात कितीही गोड असला तरी पहिलं काम म्हणून मी तुला हे सुचवणार नाही. त्यातल्या त्यात पटवेकऱ्याचं, दागिने गाठवायचं काम बघ, कोल्हापुरी साजातली पानं आणि मणी ओवून बसवायचं, पारंपरिक साज २१ पानांचा असतो, क्रम ठरलेला, एकदा हाताला बसला की मोजायला लागत नाही.

शाहूपुरीची कुंभार गल्ली, गंगावेश, बापट कॅम्प इथं गणपतीचं काम मोसमी आहे, पण रंगकाम आणि डोळ्यांची आखणी चांगली जमणाऱ्याला जूनपासून झोपायला वेळ मिळत नाही. बाकी महिने दुसरं काय करायचं हे आधी ठरव. इचलकरंजीला लूमवर जाणार असशील तर मजुरी पिकावर असते, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती त्यावर, तेव्हा आकडा तिथं पगाराच्या आतच शिरलेला आहे. आणि थोडं लांब जायची तयारी असली तर मिरजेला तंबोरे, सतारी करणारे आहेत, २०२४ ला त्यांनाही जीआय मिळालाय. भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत, म्हणजे तारेचा झंकार जुळवण्यापर्यंत, सगळं कानावर. फक्त शिकवणारी घरं मोजकी आहेत आणि शिकायला वर्षं जातात, तुझ्या घरची घाई किती आहे तूच बघ.

हे सगळं कोल्हापूरला नवीन नाही हं. माझा मामा गुळव्या होता. काहिलीतला रस कधी पाक झाला आणि कधी उतरवायचा हे तो उलथन्यावरनं पडणारी धार बघून आणि थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून ठरवायचा. पुढं एकानं थर्मामीटर आणला, तो ११८ च्या आसपास दाखवायचा, मामा म्हणाला, तुझा थर्मामीटर कागलला जाऊन विचारून येऊ दे, तोपर्यंत माझा गूळ ढेपेत पडलेला असेल. एक अर्धा मिनिट उशीर झाला तर गूळ काळा पडतो, आणि मामाला पाढे फक्त दहापर्यंत येत होते.

आता तुझ्या कामाचं एक सांगतो जे मला फार उशिरा कळलं. आपल्या मराठी आकड्यांची बोलायची आणि लिहायची दिशा उलटी आहे. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन येतो, लिहिताना आधी सहा. म्हणून कोणी ओरडून त्रेसष्ट सांगितलं की घाईत ३६ लिहिलं जातं. एकोणसाठ की एकोणसत्तर यात तर मी अजून अडखळतो. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं आणलं तेव्हा केवढी चेष्टा झाली, मी मात्र मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. शॉपमध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, मला माप सुटं सांगा, सहा तीन, नाहीतर इंग्लिशमध्ये सिक्स्टी थ्री. कोणी हसलं नाही, उलट चुका कमी झाल्या म्हणून आता सगळेच तसं बोलतात. माप जॉबवरच मास्किंग टेप लावून त्यावर लिहायचं, कागदावर नाही, म्हणजे आकडा वस्तूपासून सुटत नाही. डिजिटल व्हर्नियर घे, आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेव. सुतारकाम असलं तर एका काठीवर सगळ्या खुणा करून ठेव, टेप परत परत उघडायला लागत नाही. पहिला नग पास झाला की तो बाजूला ठेवून घ्यायचा आणि पुढचा प्रत्येक नग त्याच्याशी लावून बघायचा.

तुला आकडे नुसते आवडत नाहीत की ते खरंच उलटेपालटे दिसतात, हेही एकदा तपासून घे. ६९ आणि ९६ यात दरवेळी गोंधळ, घड्याळ बघताना गोंधळ, सुट्टे पैसे मोजताना गोंधळ, असं लहानपणापासून असलं तर त्याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तो धरलेला आहे. म्हणजे तू मठ्ठ आहेस असं नाही. आमच्या वेळी हे कोणाला माहीत नव्हतं, मास्तरांना फक्त छडी माहीत होती.

एक आकडा मात्र कोणाच्या भरवशावर सोडू नको, तो म्हणजे तुझे झालेले नग. मी लागलो तेव्हा पीस रेटवर होतो आणि मोजायचा कंटाळा म्हणून ठेकेदार सांगेल ते खरं मानायचो. सहा महिन्यांनी शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं तेव्हा कळलं की दर आठवड्याला पाच-सहा नग उडवले जात होते. त्यानंच शिकवलं, बाकावर खडूनं चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. बेरीज नाही, गुणाकार नाही, फक्त जुड्या. शनिवारी ठेकेदाराला बाकापुढं उभं करायचं आणि जुड्या दाखवायच्या. आता फोन आहे, रोज संध्याकाळी जुड्यांचा फोटो काढला की झालं.

तर माझं मत विचारशील तर तू आधी वेल्डिंग नाहीतर फाउंड्रीत कोअर आणि मोल्डिंग यातलं एक धर. कारागिरीत जायचं असेल तर चपलेचं काम शनिवार-रविवार करून बघ, नोकरी सोडून नको. पीएम विश्वकर्मा योजनेत चप्पल, लोहार, सुतार, कुंभार, सोनार धरून १८ धंदे आहेत, प्रशिक्षणात रोजचे ५०० रुपये आणि अवजारांना १५ हजार मिळतात, पण आधीपासून तो धंदा करणाऱ्यांसाठी आहे ती, नुसतं शिकायचंय म्हणून जाशील तर परत पाठवतील.

कळंब्याच्या आयटीआयला एकदा जाऊन ये, वेल्डिंगच्या शॉपमध्ये दहा मिनिटं उभा राहा, नुसता आवाज ऐक. आणि शिरोलीत कोणाची फाउंड्री बघायला जाणार असशील तर सकाळी कामाला सुरुवात व्हायच्या आत जा, पायात सँडल घालून जाऊ नको. ओतायचं काम चालू असताना तिथं कोणी बोलत नाही आणि गेटवरचा वॉचमनपण आत सोडत नाही.